चुन्याची नदी

आबांनी अंगणात चुन्यानं नदी काढली. सारवलेलं अंगण त्यांनी भल्या सकाळी पुन्हा झाडायला लावलं होतं आणि हौसावहिनी चुन्याचा डबा धरून त्यांच्यामागं सरकत होती. नदी चांगली वळणावळणाची आली. मग त्यांनी अलीकडे चार गोवऱ्या मांडल्या, ती आपली पलटण. पलीकडे विटांचे तुकडे ठेवले, तो दुश्मन. मधल्या जागेत कडब्याची ताटं रोवली, कारण तिकडं पंजाबात नदीकाठी पुरुषभर उंच गवत माजतं आणि त्यात शिरलेला माणूस दिसत नाही. सगळं मनासारखं झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "शालन, म्हन आता. एकेक ओळ. घाई करायची न्हाई."

आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचं माळखोप म्हणजे घरटी एक माणूस पलटणीत असलेलं गाव. इथं म्हातारे पारावर बसून पावसाबद्दल बोलले तरी रिपोर्ट दिल्यासारखं बोलतात, कुठल्या दिशेनं आला, किती वेळ टिकला आणि कुठं सरकला. माझा थोरला भाऊ हिंदुराव, हौसावहिनीचा नवरा, एकाहत्तरच्या लढाईत गेला तो परतला नाही. मेला अशी तारही आली नाही. तार आली ती बेपत्ता असल्याची. तिला आता सात वर्षं होत आली होती.

आणि आदल्या दिवशी, विजय दिनाच्या मेळाव्यात, दादाच्याच सेक्शनमधला सर्जेराव निकम नावाचा माणूस तालुक्याच्या गावी कविता म्हणायला उभा राहिला होता. लोकांना वाटलं, आता डफ वाजणार, मर्दगड्यांचा पोवाडा म्हणणार. सर्जेराव मात्र हात बांधून, खाली बघत, गिरणीत दळण सांगावं तितक्या साध्या आवाजात बोलला. कविता एवढीशीच होती. तिच्यात दादाचं नाव आलं तेव्हा आबा खुर्चीतून उठले आणि ती संपेपर्यंत उभेच राहिले. मी कोल्हापूरला एम. ए. मराठी करत होते, सुट्टीला आले होते, आणि पाठांतर हा माझा लहानपणापासूनचा रोग. त्यामुळं ती कविता मला एका ऐकण्यात पाठ झाली आणि माझी मानगूट आबांच्या हाती सापडली.

"नदी उलटी वाहत होती आणि तिचं पाणी ओरडत होतं," मी म्हटलं.

आबांनी काठीनं नदीचं वळण दाखवलं. नदी उलटी कशी वाहील, पण ह्या वळशात बसलेल्या माणसाला ती उलटी दिसणार. म्हणजे सर्जेराव नेमका इथं होता. पाणी ओरडत होतं म्हणजे तोफगोळे पाण्यात पडत होते. त्यांनी वळशात एक खडा ठेवला. तो सर्जेराव.

"सूर्याला दात आले होते."

"काटेरी तार," आबा लगेच म्हणाले. "तारंच्या आडनं सूर्य बघितलाय त्यानं. तवा तार जवळ हाय."

खरं सांगते, मला त्या वेळी आबांचं कौतुक वाटलं. आमच्या कॉलेजात या ओळीवर तासभर चर्चा झाली असती आणि कुणालाही काटेरी तार सुचली नसती.

"हिंदुराव उठला, पाय काखेत मारला आणि चालू लागला."

इथं आबा थोडे अडले. मग म्हणाले, पायाला जखम असणार. पाय काखेत कोण मारतंय, काखेत कुबडी असणार. कविता आहे, इकडचं तिकडं होणारच. आख्ख्या कवितेत तेवढ्या एका ओळीला त्यांनी कविता म्हणून सूट दिली. वहिनीच्या हातातला डबा तिरका झाला आणि चुना पायावर सांडला, तो तिनं पुसला नाही.

"त्याच्या पुढं त्याची सावली पळत होती, पाणी पाणी करत."

मग आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. सावली पुढं, म्हणजे ऊन पाठीवर. लढाई पहाटेची, म्हणजे सूर्य उगवतीला. म्हणजे हिंदुरावाचं तोंड मावळतीला होतं. मावळतीला दुश्मन. त्यांनी कडब्याच्या ताटांतून विटांच्या तुकड्यांपर्यंत काठी ओढत नेली. "कैदेत हाय त्यो," आबा म्हणाले. "जित्ता हाय."

शेवटच्या ओळी मी घाईनं म्हणून टाकल्या. 'मी म्हटलं, हिंद्या, थांब. तो म्हणाला, तू बस हितंच. मी जरा घरला जाऊन येतो.' आबांनी त्याचाही उलगडा केला. जखमी माणूस दिशा चुकतो. निघाला घराकडं आणि गेला मावळतीला.

दुपारपर्यंत गावभर झालं की हिंदुराव जिवंत आहे. पारावरचे म्हातारे एकेक करून नदी बघून गेले. कुणी तारेच्या जागेवरून वाद घातला, कुणी वाऱ्याची दिशा विचारली, पण कवितेवर कुणालाही शंका नव्हती. लढाईवर असलेल्या माणसानं, मेळाव्यात, वर्दीतल्या साहेबांसमोर सांगितलंय, ते खोटं कसं असेल. आबांनी दिल्लीला लिहिलं, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेटे घातले. नदी ते रोज सकाळी नव्यानं काढायचे. कोंबड्या पुसायच्या आणि ते काढायचे.

हौसावहिनीचं काय झालं ते सांगायला हवं, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं आणि तिला कुणी विचारत नव्हतं. लग्नानंतर दादा दोनदा सुट्टीवर आला, एवढाच तिचा संसार. सात वर्षं ती कुंकू लावत होती, पण गावाला तिच्या कुंकवाचं काय करावं ते कळत नव्हतं. संक्रांतीला बायका तिला वाण द्यायच्या, पण सगळ्यांच्या शेवटी आणि तिच्याकडं न बघता. सवाष्ण म्हणून जेवायला कुणी सांगायचं नाही आणि घरी आली तर हाकलायचंही नाही. तिला लुगडं घ्यायचं तरी रंगाचा प्रश्न पडायचा. एकदा ती मला म्हणाली होती, देवानं काय ते एक करावं, मी तशी ऱ्हाईन.

कविता झाली आणि तिचं सगळं पालटलं. सरपंचीणबाई स्वतः येऊन सांगून गेल्या की यंदाचं पहिलं वाण हौसाचं. तिनं हिरवा चुडा भरला. दादाची पेटी उघडून कपडे उन्हात टाकले. सदऱ्याला कसर लागली होती, तर दोन दिवस रफू करत बसली. मी तिला एवढी हसताना कधी बघितली नव्हती आणि मला त्या हसण्याची भीती वाटायची.

एका दुपारी आम्ही तीळ निवडत होतो. ती मान वर न करता म्हणाली, "शालन, पाय काखंत मारला मंजी काय गं?"

आमच्या घरात ती ओळ फक्त तिच्याच घशात अडकली होती. मी शिकलेली, तेव्हा मी माझ्या गोगटेसरांचं व्याख्यान तिला सांगितलं. कवी बाहेर जे घडलं ते सांगत नाही. त्याच्या आत जे होरपळलं ते तो बाहेरच्या नदीवर, सूर्यावर ओततो. याला अभिव्यक्तिवाद म्हणतात, पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिकडं युरोपात अशा पुष्कळ कविता झाल्या. वहिनी शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, म्हणजे ते खरं का खोटं. मी म्हटलं, खरं, पण घडलेलं नव्हे. ती म्हणाली, घडलं नाही त्याला खरं का म्हणायचं. मला परीक्षेत पन्नासपैकी अडतीस गुण होते या पेपरात. मी तिळातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"सर्जेरावभावजींना बोलवा," ती त्याच संध्याकाळी आबांना म्हणाली. "वाण घ्यायच्या आधी मला त्येंच्या तोंडनं ऐकायचंय." आबांनाही हवंच होतं. नकाशा पक्का करायला साक्षीदार लागतोच.

सर्जेराव भोगीच्या दिवशी आला. दिवस बराच वर आला होता. तो साताऱ्याच्या पलीकडे एका पिठाच्या गिरणीवर कामाला होता, केसांच्या मुळांत पीठ बसलेलं, त्यामुळं चाळिशीच्या आतच पिकल्यासारखा दिसायचा. अंगणात शिरला आणि चुन्याच्या नदीपाशी थबकला. ओलांडायला एक पाऊल पुरलं असतं. पण तो कुंपणाकडून, गोठ्याला वळसा घालून, नदी जिथं पायरीपाशी संपत होती तिथून आला.

वहिनीनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. तो निम्मी भाकरी खाऊन थांबला. आबांनी त्याला हात धुऊ दिले आणि लगेच अंगणात नेलं.

"दाव, कुठं व्हतास."

सर्जेरावनं वळशातला खडा उचलला आणि स्वतःच तिथं जाऊन बसला, उकिडवा, गुडघ्यांना मिठी मारून. आबांनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं. खडा अगदी बरोबर पडला होता.

"तार?"

"व्हती. म्होरंच व्हती."

"मंजी सूर्याचं दात त्येच."

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. "तार तार व्हती. सूर्याला दातच व्हते, आबा."

आबांनी ते कानाआड केलं. पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. त्यांनी काठी विटांच्या तुकड्यांकडं केली. "आन त्यो हिकडं गेला. मावळतीला."

सर्जेरावनं मान हलवली. मग हात उचलून बोट दाखवलं. ते मावळतीला नव्हतं, उगवतीलाही नव्हतं. त्यानं आमच्या घराचं दार दाखवलं. त्या दारात हौसावहिनी उभी होती.

"हिकडं गेला. वहिनीकडं. दार असंच व्हतं, मी आज बघताक्षणी वळीखलं." तो या घरी त्याआधी कधी आलेला नव्हता.

आबा म्हणाले, "असं कसं गाव दिसंल तुला, हजार कोसावनं?" पण तो प्रश्न विचारल्यासारखा नव्हता, विनवल्यासारखा होता. ते गोठ्याजवळच्या बाजेवर बसले. वहिनी मात्र दार सोडून पुढं आली, तुडवत आली नदी, आणि सर्जेरावासमोर जमिनीवर बसली. तिच्या चुड्याचा आवाज झाला तेवढाच.

"भावजी, अंग गार झालं व्हतं का त्येंचं?"

सर्जेरावनं मान वर केली. मला वाटतं, सात वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "झालं व्हतं," तो म्हणाला.

"कवा?"

"उजाडायच्या आधी. माझ्या मांडीवर. पाय त्याचा गुडघ्यापासनं गेला व्हता, लांब पडला व्हता. पाणी पाणी करत व्हता. नदी हाताच्या अंतरावर, पन आम्हाला हलायचा हुकूम न्हवता. मग पाणी मागायचं बंद झालं. मग गार पडला."

"मग?"

"मग उजाडलं आन त्यो उठला. पाय हुडकला, काखंत मारला आन निघाला."

"दोन्ही तुमी बघितलंसा?"

"दोन्ही. आधीचं अंधारात बघितलं, वहिनी. नंतरचं उजेडात."

मग बाकीचं त्यानं न विचारताच सांगितलं. त्या सकाळी त्यांची तुकडी मागं आली, ती जागा पुन्हा त्यांच्या हातात आली नाही. मागं आल्यावर साहेबांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं. हिंदुराव कुठं, तर सर्जेरावनं जे उजेडात दिसलं ते सांगितलं. चालत गेला. साहेबांनी तसं लिहून घेतलं. कविता म्हणून त्यानं काही केलंच नव्हतं, साहेबांना सांगितलं तेच तो आजवर सांगत आला होता.

मला हे कळायला थोडा वेळ लागला. आमच्या घरी आलेली ती बेपत्ता असल्याची तार, सात वर्षांची वाट, शेवटी दिलेली वाणं, सगळं या माणसाला एका सकाळी जे दिसलं त्यातून आलं होतं. गोगटेसर म्हणाले असते, उत्कृष्ट उदाहरण. मला सरांचा फार राग आला.

"पंजाबातली थंडी," आबा बाजेवरून म्हणाले. "आंग गार पडतंच मानसाचं. त्यात काय."

वहिनीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती सर्जेरावला म्हणाली, "भावजी, एक करा माझ्यासाटी. त्येंला खाली निजवा."

"आं?"

"कवितंत. तुमी त्येंला चालवलंय, तुमीच निजवा. एकदा म्हना, हिंदुराव निजला. मला ऐकू द्या. मग मी बघते काय करायचं त्ये."

सर्जेरावनं डोळे मिटले. मला वाटलं नव्हतं तो ऐकेल, पण तो खरंच प्रयत्न करू लागला. "हिंदुराव निजला," तो म्हणाला. "नदी सरळ वाहत व्हती. पाणी गप व्हतं. सूर्य, सूर्य सूर्यासारखा." तो थांबला. कपाळावर पिठाच्या रेषा ओल्या झाल्या. "हिंदुराव निजला. त्याचा पाय त्याच्यापाशी. त्याची सावली त्याच्या..." मग त्यानं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि सगळं अंग त्यांच्यावर घातलं.

"उठतोय ओ वहिनी," तो म्हणाला. "मी दाबून धरलाय, पन उठतोय त्यो."

वहिनी पुढं सरकली. मग तिनं त्याचे हात धरून जमिनीवरून उचलले, पदरानं त्यांचा चुना पुसला आणि त्याला म्हणाली, असू द्या, निम्मी भाकरी तशीच आहे, खाऊन घ्या. ती आत गेली. सर्जेरावनं खरंच ती भाकरी खाल्ली.

ती बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. हातात चुडा नव्हता. मला रडू आवरेना, पण ती रडत नव्हती. ओसरीवरचं रिकामं ताट उचलायला म्हणून आली होती आणि तिनं ताट उचललं.

आबा बाजेवरून उठले. "कुनी सांगितलं तुला पुसायला?"

"कुनी सांगंना म्हनूनच पुसलं, मामंजी."

"आन उद्या त्यो आला मंजी? काय सांगू त्येला?"

"सांगा, हौसा दमली."

दुसऱ्या दिवशी संक्रांत झाली. सरपंचीणबाईंचं पहिलं वाण दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

त्यानंतर आमच्या घरात दोन घरं झाली. एका घरात विधवा राहत होती आणि दुसऱ्यात जिवंत मुलाचा बाप. वहिनी स्वयंपाक करायची, आबा जेवायचे, पण तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी पाणी मागितलं नाही. गावानं वहिनीलाच दोष दिला. नवऱ्याची आशा आली होती आणि हिनं स्वतःच्या हातानं ती पुसली, अशी बाई कुणी पाहिली का, असं बायका नळावर बोलायच्या. गावच्या वेशीत शहिदांच्या नावांची शिळा आहे, तिथं दादाचं नाव कोरू द्यायला आबा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. सर्जेराव पुन्हा आला नाही. गिरणी सोडून कुठंतरी गेला असं नंतर ऐकलं.

पुढं काही वर्षांनी आबा गेले तेव्हा मी सांगलीला शिकवत होते. पोचले तर प्रेत अंगणात आणि माणसं भिंतीला टेकून बसलेली. आबांनी चुलतभावांना शपथ घालून ठेवली होती की अग्नी हिंदुरावच देईल, त्याच्यासाठी थांबायचं. किती थांबायचं ते सांगितलं नव्हतं. त्यामुळं सगळे थांबले होते. मेलेल्या सुभेदाराचा हुकूम मोडायला कुणी धजत नव्हतं, आणि एकमेकांना विडी देत, रस्त्याकडं बघत, उन्हं उतरली तरी बसले होते. त्या दिवशी मीसुद्धा दोनदा रस्त्याकडं बघितलं, हे खोटं का सांगू.

शेवटी वहिनी पुरुषांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली. "उचला," ती म्हणाली. "कुनी येनार न्हाई." धाकट्या चुलतभावानं मडकं हातात घेतलं.

माणसं स्मशानातून परतून, आंघोळ करून पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी बसलो होतो. बायकांचं कुजबुजणं तिनंही ऐकलं होतं. मी म्हटलं, वहिनी, मनावर घेऊ नको, लोकांना काय कळतंय.

"त्येंचं बराबर हाय," ती म्हणाली. "दुश्मनानं त्येंला मारलं न्हाई. सरकारनं मारलं न्हाई. भावजींनी चालत ठेवलं, मामंजींनी मरंतवर जित्तं ठेवलं. समदी भली मानसं. कुनाचा हात धजंना. मग मीच मारलं, शालन. त्या भोगीला, आत जाऊन, आरशाम्होरं. लय येळ न्हाई लागला."